एकाच नावाचे दोन नातेवाईक : लग्नपत्रिकेच्या पाकिटावर काय लिहावं?

अक्षता : आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असलेल्या घरांत एकाच नावाचे चुलतभाऊ सर्रास असतात. दोन भावांनी आपापल्या मुलाचं नाव विनायक ठेवलं की दोघेही 'श्री. विनायक देशपांडे'. यादी करणारा घाईत मधलं नाव गाळतो आणि एकाला दोन पत्रिका जातात, दुसऱ्याला एकही नाही. ज्याला मिळत नाही तो विचारत नाही, लग्नाला येतच नाही. माझं मत ठाम आहे : पाकिटावर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि खाली गाव. 'थोरले', 'धाकटे', कंसात 'बंड्या' असलं काही नको. या खुणा आपल्या यादीत ठेवाव्यात. पाहुण्याच्या हातात त्या पडल्या की मानापमान होतो.

दौत-टाक : पूर्ण नावानं सगळं सुटत नाही. नावं एक पिढी सोडून फिरतात तिथे आजोबा 'विनायक गोपाळ' आणि नातूही 'विनायक गोपाळ', शिवाय पत्ता एकच. अशा वेळी मायना कामाला येतो. आजोबांना 'ती. स्व.' म्हणजे तीर्थस्वरूप, नातवाला 'चि.' म्हणजे चिरंजीव. जुनी पद्धत आहे आणि चोख आहे.

मांडवशोभा : चोख कशी? मायना निमंत्रकाच्या नात्यावर ठरतो आणि पाकिटं लिहायला बसतात भाचे-पुतणे. ते स्वतःच्या नात्यानं लिहितात, म्हणजे वधूपित्याहून लहान माणसालाही 'ती. स्व.' जातं. शिवाय दोन मुलांच्या बापाला 'चि.' लिहिलेलं रुचत नाही. त्यापेक्षा जोडीचं नाव लिहा : 'सौ. सुमती व श्री. विनायक गोपाळ देशपांडे'. आजोबा-नातवाच्या बायकांची नावं सहसा एक नसतात.

दौत-टाक : आजी हयात नसेल तर? नातू अविवाहित असेल तर? तिथे तुमची जोडी अडते, मायना अडत नाही. भाच्यांना नातं माहीत नसेल तर यादीतच मायन्याचा रकाना करा.

अक्षता : हे पटलं. दोघांचं पूर्ण नाव आणि पत्ता एकच असेल तिथे मायना, बाकी सगळीकडे पूर्ण नाव. सुनांचंही बघा. लग्नात नाव बदलणं कमी झालंय, त्यामुळे एका घरात दोन 'सौ. स्नेहल' असू शकतात. तिथे पतीचं नाव हवंच, आणि तिनं माहेरचं आडनाव ठेवलं असेल तर तेच लिहावं.

हळदकुंकू : पण एका पत्त्यावर दोन पत्रिका कशाला? चूल एक असेल तर ज्येष्ठांच्या नावानं एकच, 'सहकुटुंब सहपरिवार'. चूल वेगळी असेल तर वरच्या मजल्यावरच्यालाही वेगळी द्यायची. इथे काटकसर केली की रुसवा ठरलेला.

खरा घोळ जुन्या यादीनं होतो. मागच्या कार्याची यादी उतरवताना दिवंगत आजोबांचं नाव खोडायचं असतं आणि खोडलं जातं त्याच नावाच्या नातवाचं. म्हणून एक्सेलमध्ये आडनाव आणि नाव यांवर सॉर्ट करा, सारखी नावं लागोपाठ येतील. त्यांच्यापुढे नातं, गाव, मोबाइल, 'पत्रिका कोणी दिली' हे रकाने भरा. घरातल्या सर्वांत जाणत्या बाईला ही पानं वाचून दाखवा आणि मगच लेबलं छापा. गडद, गुळगुळीत पाकिटावर जेल पेन पुसलं जातं आणि नेमकं मधलं नाव वाचता येत नाही, तिथे पांढरं लेबल बरं. कुंकवाचा कोपरा सोडून चिकटवा.

मांडवशोभा : व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर पीडीएफसोबत पूर्ण नावाची एक ओळ लिहा. मोबाइलमध्ये दोघेही 'विनूदादा' म्हणून सेव्ह असतात. चुकीच्या नंबरवर गेलं तर निदान तो 'हे माझं नाही' म्हणून कळवेल.