रेनेसाँस ल्यूट शिकायचं आहे: पहिलं वाद्य कोणतं घ्यावं?

मुळामुठा
नमस्कार मंडळी. मी क्लासिकल गिटार वाजवते. सध्या नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमला आहे, दोनेक वर्षांत पुण्याला परत यायचा विचार आहे. जुना इंग्लिश ल्यूटवादक जॉन डाउलंड याच्या रचना गिटारवर वाजवता वाजवता ल्यूटचं, म्हणजे रेनेसाँस (प्रबोधन) काळातल्या त्या गोल पाठीच्या युरोपीय तंतुवाद्याचं, वेड लागलंय आणि आता खरं वाद्य हातात हवंय. पण सहा कोर्स, आठ कोर्स, दहा कोर्स वाचून डोकं गरगरलं. ऑनलाइन काही नवीन ल्यूट फारच स्वस्त दिसतात, ती घ्यावीत का? गिटारचा हात इथे कितपत उपयोगी पडतो? आणि पुण्याच्या हवेत हे वाद्य टिकेल का? इथे कुणी वाजवणारं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

दक्षिणवारा
ते स्वस्तातलं अजिबात घेऊ नका. माझ्या एका मैत्रिणीकडे तसलं एक आहे. पाठ जाड लाकडाची, तबली (तारांखालची सपाट फळी) जाड, वजन भरपूर आणि आवाज बसलेला. खुंट्या नीट घासून बसवलेल्या नाहीत, त्यामुळे एक तार लावेपर्यंत दुसरी उतरते. शिकणाऱ्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही, आणि वाद्य कपाटात जातं.

चांगल्या ल्यूटची तबली स्प्रूसच्या लाकडाची, जेमतेम दीड मिलिमीटर जाडीची असते. पाठ ज्या लाकडी पट्ट्या जोडून बनते त्या फाकाही तेवढ्याच पातळ. अख्खं वाद्य बहुधा एक किलोच्या आत भरतं. पहिल्यांदा हातात घेतलं की इतकं हलकं कसं, असं वाटतं. आवाज त्या हलकेपणातूनच येतो.

पाचवा_पडदा
मुळामुठा, आधी एक पैसाही खर्च न करता करायची गोष्ट सांगतो. गिटारची तिसरी तार अर्धा स्वर उतरवून फा शार्पला (एफ शार्प) लावा आणि तिसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चाप) चढवा. झालं, तुमच्या हातात सहा कोर्सच्या, जी स्वरात लावलेल्या ल्यूटची स्वररचना आली. शेजारच्या तारांमधली अंतरं अशी: चौथ्या (फोर्थ), चौथ्या, मग मधे एक मोठी तिसरी (मेजर थर्ड), पुन्हा चौथ्या, चौथ्या. गिटारमध्ये ती तिसरी एक तार अलीकडे येते, एवढाच फरक. आता मूळ टॅब्लचरवरून (कोणती तार, कोणता पडदा हे दाखवणारी लिपी) थेट वाजवायला लागा. डाउलंडसारखे इंग्लिश वादक फ्रेंच पद्धत वापरायचे. सहा रेघा, सगळ्यात वरची रेघ म्हणजे सगळ्यात उंच तार, 'ए' म्हणजे खुली तार, 'बी' म्हणजे पहिला पडदा, आणि लयीच्या खुणा वरती. इटालियन पद्धतीत अक्षरांऐवजी आकडे असतात आणि उंच तार सगळ्यात खालच्या रेघेवर, त्यामुळे सुरुवातीला पान उलटं धरल्यासारखं वाटतं. काही आठवडे हे करून बघा. मजा टिकली तर वाद्याकडे वळा.

आता कोर्सचं. कोर्स म्हणजे तारांची जोडी, फक्त पहिली तार बहुधा एकटी. म्हणून सहा कोर्सला अकरा तारा, आठ कोर्सला पंधरा. किती कोर्स हवेत हे तुम्हाला काय वाजवायचंय त्यावर ठरतं. 1507 साली व्हेनिसला पेत्रुचीने स्पिनाचिनोचं पुस्तक छापलं, ते ल्यूटचं पहिलं छापील संगीत. तिथपासून फ्रान्चेस्को दा मिलानोपर्यंतचं (तो 1543 मध्ये गेला) सगळं सहा कोर्सवर बसतं. सोळाव्या शतकाच्या शेवटाकडे खालच्या बाजूला आणखी जोड्या आल्या. डाउलंडला (1563 ते 1626) किमान सातवा कोर्स लागतोच, बऱ्याच ठिकाणी खालचा रे (डी). आठ कोर्समध्ये खालचा फा आणि रे दोन्ही मिळतात. दहा कोर्स सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या संगीतासाठी, ते तूर्त विसरा.

तुमचं मन डाउलंडवर आहे, म्हणून आठ कोर्स घ्या. सहा कोर्सचा आवाज जास्त मोकळा असतो आणि डावा हात सुखात राहतो हे मला मान्य आहे. माझ्या मते इटालियन फॅन्टाझिया (मुक्त कल्पनेच्या रचना) त्याच्यावरच खुलतात. पण ज्या रचनेसाठी तुम्ही हा सगळा खटाटोप करताय ती वाजवता आली नाही, तर सहा कोर्सचं सुख काय कामाचं? तारेची लांबी साठ सेंटिमीटरच्या आसपास बघा. गिटारच्या पासष्टनंतर बोटांना बरं वाटेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. तुम्ही इंग्लंडमध्ये आहात हे तुमचं भाग्य. तिथली ल्यूट सोसायटी 1956 पासून आहे आणि सभासदांना भाड्याने वाद्यं देते. अमेरिकेतल्या वाचकांसाठी: तिथेही 1966 पासून अशी संस्था आहे, तीही भाड्याने देते. वर्षभर भाड्याचं वाजवा, संस्थेच्या बैठकींना जा, इतरांची वाद्यं हातात घेऊन बघा. मग कारागिराकडे ऑर्डर द्यायची की सेकंडहँड घ्यायचं ते ठरवा. चांगल्या कारागिरांकडे रांग असते, म्हणून परतायच्या तारखेचा हिशोब आधीच करा.

मुळामुठा
खूप खूप धन्यवाद! कॅपो लावून आत्ताच पाहिलं, टॅब्लचर खरंच वाटलं होतं त्यापेक्षा सोपं आहे. एक प्रश्न राहिला. माझी उजव्या हाताची नखं वाढवलेली आहेत. कापावी लागतील?

पाचवा_पडदा
हो, कापा. सतराव्या शतकात पिचिनिनीसारखा नखं वापरणारा वादक होऊन गेला, पण रेनेसाँसचा रिवाज बोटाच्या मांसाने वाजवायचा आहे. दोन तारा एकाच वेळी बोटाखाली आल्या पाहिजेत. नखाने एकच तार लागते, जोडी खडखडते. गिटार चालू ठेवायची असेल तर तिथेही नखाशिवाय वाजवायची तयारी ठेवा.

उजव्या हाताची बैठकही बदलेल. करंगळी तबलीवर टेकलेली, हात तारांना जवळजवळ समांतर, आणि अंगठा पहिल्या बोटाच्या आत, तळव्याकडे. अंगठा खाली, बोट वर, अंगठा खाली, बोट वर. अंगठ्याचा स्वर जड, बोटाचा हलका, आणि त्या जड-हलक्यातूनच या संगीताची चाल तयार होते. ल्यूट आधी पिसाच्या दांडीने वाजवायचे, ती हालचाल बोटांत उतरली ती अशी. डाउलंडच्या पिढीत अंगठा बाहेर यायला लागला, पण सुरुवात आतल्या अंगठ्याने करा. गिटारच्या सवयी मोडायला तोच उपयोगी.

जवारी
हवेचं मी सांगते. मी डोंबिवलीत राहते, सतार वाजवते, आणि घरात एक सात कोर्सची ल्यूट आहे.

सतारवाल्यांना या वाद्याची निम्मी घरगुती कामं आधीच येतात. खुंट्या लाकडी, घासून बसणाऱ्या, पेच नाहीत. सरकायला लागल्या की खडूची पूड, अडकायला लागल्या की थोडा कोरडा साबण. पडदे दांडीला बांधलेले आणि सरकवता येणारे. मानेवर आठ-नऊ बांधलेले असतात, पुढचे तबलीवर चिकटवलेल्या लाकडी पट्ट्या. सैल झाले की नवीन गाठ मारायची. खुंटीकडचे पडदे जाड आणि पुढे पातळ होत जातात, तो क्रम चुकवू नका, नाहीतर तारा झणझणतात. नायलॉनचा मासेमारीचा दोरा पडद्यांना चालतो.

तारांसाठी आतड्याची तात आपल्याकडच्या पावसाळ्यात घेऊ नका. ओल शोषते, स्वर खाली-वर होतो, पहिली तार तर तुटतेच. इटलीतल्या अक्विला कंपनीच्या नायलगट (कृत्रिम) तारा लावा, त्यांचा आवाज तातेच्या जवळ जातो आणि हवेचा त्रास कमी. आठ कोर्सच्या पंधरा तारा, प्रत्येकीचा ताण साधारण तीन किलो धरा. तो सगळा ताण त्या दीड मिलिमीटरच्या तबलीवर असतो हे लक्षात ठेवा, आणि गिटारच्या तारा चुकूनही लावू नका.

खरी काळजी सरसाची. फाका आणि तबलीची पट्टी सरसाने जोडलेली असते, आणि सरस उष्णता नि ओल एकत्र आली की मऊ पडतो. उन्हात उभ्या गाडीत ल्यूट ठेवली की सांधे उघडलेच म्हणून समजा. पुण्यात पावसाळ्यापेक्षा मला एप्रिल-मेची कोरडी हवा जास्त घातक वाटते, तबलीला चीर तेव्हा जाते. आर्द्रता मोजायचा छोटा काटा पेटीत ठेवा, पंचेचाळीस ते पंचावन्न टक्क्यांमध्ये राहील असं बघा. पावसात सिलिका जेल, उन्हाळ्यात पेटीत ओलावा देणारी नळी. वाजवून झालं की वाद्य पेटीत, भिंतीवर नाही.

दुरुस्तीसाठी मिरजेच्या सतारमेकर गल्लीचा विचार मनात आलाच असेल. खुंट्यांचं काम तिथे उत्तम होईल. तबली उघडायची वेळ आली तर मात्र ल्यूट बनवणाऱ्याशीच बोला, आतल्या आडव्या पट्ट्यांची रचना वेगळी असते.

सांजरंग
मी जरा वेगळं सुचवतो. ल्यूटच का? व्हिउएला बघा. सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये ल्यूटची जागा हिची होती. स्वररचना तीच, सहा कोर्स, पण आकार गिटारसारखा आणि पाठ जवळपास सपाट. गिटार वाजवणाऱ्याच्या मांडीवर आपसूक बसते. ल्यूटची गोल पाठ घसरते, ती पट्ट्याने आवळावी लागते.

आणि संगीत काय आहे! लुईस मिलानचं पुस्तक 1536 चं, नार्वाएसचं 1538 चं. गाण्याच्या एका छोट्या चालीवर एकामागून एक 'दिफेरेन्सियास' रचायची नार्वाएसची हातोटी ऐकून मला आपल्या विस्ताराची आठवण येते. मुदार्राच्या 1546 च्या पुस्तकात वीणासदृश हार्पची नक्कल करणारी फॅन्टाझिया आहे, तिच्या शेवटाकडचे कर्कश स्वर आजही दचकवतात. त्याच पुस्तकात चार कोर्सच्या गिटारसाठी छापलेलं अगदी सुरुवातीचं संगीतही आहे. लंडनला जाणं झालं तर रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या संग्रहालयातलं बेल्चियोर दियासचं 1581 चं लिस्बनमध्ये बनलेलं छोटं वाद्य जरूर बघा, गिटार म्हणा की व्हिउएला.

पाचवा_पडदा
सांजरंग, संगीताबद्दल शंभर टक्के सहमत. पण भाड्याने व्हिउएला मिळणं ल्यूटपेक्षा अवघड, आणि सातव्या कोर्सचा प्रश्न तिथेही उरतो. नार्वाएस ल्यूटवर अगदी सुरेख वाजतो, डाउलंड व्हिउएलावर पुरा बसत नाही. म्हणून पहिलं वाद्य ल्यूट, दुसरं तुमचं.

मुळामुठा
ठरलं. सोसायटीला आजच ईमेल करते, आठ कोर्स मागते. जवारीताई, तुमची पूर्ण पोस्ट छापून पेटीत ठेवणार आहे. वाद्य येईपर्यंत कॅपोवर काय वाजवू? डाउलंडची ती प्रसिद्ध 'लॅक्रिमी' सोडून सांगा, तिला हात लावायची घाई करणार नाही.

पाचवा_पडदा
डाउलंडचंच 'मिसेस विंटर्स जंप' आणि 'ऑर्लँडो स्लीपेथ'. दोन्ही छोटी, पण पोकळ नाहीत. 'केम्प्स जिग' अंगठा-बोटाच्या सरावाला. नंतर इटालियन ल्यूटवादक दाल्सा, त्याच्या 1508 च्या पुस्तकातले नाच, तिथे लय पक्की होते. न्यूरेंबर्गच्या हान्स नॉयझिडलरने 1536 मध्ये खास नवशिक्यांसाठी रचना छापल्या, त्याही घ्या. मूळ छपाई जर्मन टॅब्लचरमध्ये आहे, ती वाचायच्या फंदात न पडता फ्रेंच टॅब्लचरमधली प्रत शोधा. रोज थोडं, हळू, आणि पहिला आठवडा फक्त उजवा हात, खुल्या तारांवर.

जवारी
आणि वाद्य आलं की पहिल्या दिवशी तारा एकदम वर खेचू नका. एक-दोन दिवस दोन स्वर खाली ठेवा, मग वर न्या.