कामगंध, फेरोमोन की आणखी काही?

दांडिया बाजार:
नमस्कार. बडोद्यातल्या आमच्या मंडळाच्या मुलांसाठी फळमाशी जोडीदार कशी निवडते यावर दोन पानं लिहिते आहे. मुलं शाळेत गुजराती किंवा इंग्रजीत शिकतात, मराठी घरातली. 'फेरोमोन'ला, म्हणजे एका प्राण्याच्या अंगातून निघून त्याच जातीच्या दुसऱ्याला संकेत देणाऱ्या रसायनाला, 'कामगंध' म्हणावं का? आणि 'फळमाशी' म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर कोणती माशी येईल?

रावपुरा:
ताई, आधी माशीचं बघू. शेतीच्या मराठीत फळमाशी म्हणजे आंब्याच्या गरात अंडी घालणारी बॅक्ट्रोसेरा. तुम्ही लिहिताय ती ड्रोसोफिला वेगळ्या कुळातली, जेमतेम तीन मिलिमीटरची. खंडेराव मार्केटात पिकल्या केळ्यांवर जी घोंघावते ती. घरी आपण तिला चिलटच म्हणतो. एकदा 'केळ्यावरचं चिलट, म्हणजे ड्रोसोफिला' असं लिहा आणि पुढे सरळ ड्रोसोफिला चालू द्या. नुसतं 'चिलट' लिहिलंत तर कुठलीही बारीक माशी त्यात येते.

सयाजीगंज:
'कामगंध' मराठीत रुळला तो शेतीमुळे. कामगंध सापळ्यात मादीच्या वासासारखं रसायन ठेवतात आणि बोंडअळीच्या पतंगाचे नर त्यात येऊन अडकतात. तिथे शब्द चपखल आहे, तो बदलू नये. पण ड्रोसोफिलाला तो लावला की शब्दाचे दोन्ही भाग अडतात.

'गंध' पाहा. नर मादीजवळ जातो, पुढच्या पायाने तिला स्पर्श करतो, आणि त्या पायावरच चव ओळखणारे केस असतात. मादीच्या अंगावरच्या मेणचट थरात ७,११-हेप्टाकोसाडाइन नावाचं द्रव्य असतं. ते फारसं उडत नाही, म्हणून लांबून वास येत नाही, शिवून चाखावं लागतं. नराच्या अंगावर ७-ट्रायकोसीन जास्त असतं. त्याची चव लागली की दुसरा नर प्रणयाराधन थांबवतो.

आता 'काम'. नर मीलनाच्या वेळी सिस-व्हॅक्सेनिल अ‍ॅसिटेट मादीला देतो. त्याचा मात्र वास येतो, शृंगिकांना, म्हणजे डोक्यावरच्या मिशांसारख्या अवयवांना. तो वास लागलेल्या मादीमागे बाकीचे नर कमी लागतात. त्याच वासाने मादी नराला जास्त अनुकूल होते. एकच द्रव्य, एकाला 'थांब' आणि दुसरीला 'चालेल'! हेप्टाकोसाडाइनचंही तसंच: स्वजातीच्या नराला ते ओढतं, पण जवळच्या ड्रोसोफिला सिम्युलान्स जातीच्या नराला तेच परतवतं. म्हणून दोन जातींची सरमिसळ टळते. मला या विषयातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं आणि 'कामगंध' लिहिलं की नेमकं तेच झाकलं जातं.

'फेरोमोन' शब्द कार्लसन आणि ल्युशर यांनी १९५९ साली ग्रीक धातूंवरून घडवला: वाहून नेणे आणि चेतवणे. त्यात ना काम आहे ना गंध. माझं मत, 'फेरोमोन'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'संकेतद्रव्य' असा खुलासा द्या.

मांडवी:
'संकेतद्रव्य' मला पटलं. बडोद्याला शब्द घडवायची सवय जुनी आहे. सयाजीरावांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा 'श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरु' हा बहुभाषी कोश करवून घेतला होता. त्यात गुजराती आणि मराठी शेजारी शेजारी आहेत. ताई, तुमच्या दोन पानांतही शब्दांना गुजराती जोड द्या, मुलांना सोपं जाईल.

दांडिया बाजार:
फार उपयोग झाला. 'संकेतद्रव्य' घेते, आणि शेतीतल्या सापळ्यांपुरता 'कामगंध' एका वाक्यात सांगते. एक क्रियापद अडलंय. नर पुढच्या पायाने मादीला हलकेच शिवतो, त्याला 'थोपटतो' म्हणू का?

सयाजीगंज:
नको. थोपटतात ते बाळाला, झोपवायला. 'टपली'त खोडी येते. 'चाचपतो' म्हणा. चाचपण्यात हाताने ओळख पटवणं आहे आणि माशीचं कामही तेच. पुढचं वाक्य मग 'पायानेच चाखतो' असं बेधडक लिहा, मुलांना ते आवडेल. त्यानंतर तो एक पंख पसरून थरथरवतो, त्याचं गाणं होतं. आणि होकार-नकार मादीचा, हे मात्र विसरू नका. 'नर मादी निवडतो' एवढंच लिहिलं तर अर्धी गोष्ट राहून जाईल.