गोल स्क्रोल गेलं ते बरं झालं म्हणणाऱ्यांना

अर्धविराम:
परवा खडूफळा यांनी लिहिलं, "टचपॅडवर बोट गोल फिरवून स्क्रोल करायची सोय गेली ते उत्तम झालं. ती परत आणायला स्क्रिप्टा पाडणारे निव्वळ रिकामटेकडे."

तर हा रिकामटेकडा हजर आहे. लिनक्सवर टचपॅड चालवणाऱ्या सिनॅप्टिक्सच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये काठाला बोट टेकवायचं आणि जात्यासारखं फिरवत राहायचं. हजार ओळींचा लॉग, बोट न उचलता, तळापर्यंत. दोन बोटांनी तेच करा बरं. ओढा, उचला, वर न्या, पुन्हा ओढा. विहिरीचं पाणी शेंदणं परवडलं. मग २०१५ मध्ये लिबइनपुट या टचपॅड-माऊस हाताळणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरची १.० आवृत्ती आली आणि हळूहळू तेच सगळीकडे रुजलं. त्यात काठाचं स्क्रोल आहे, गोल नाही. वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवणारी लिनक्सची नवी व्यवस्था) जुना ड्रायव्हर चालत नाही, म्हणजे परतीची वाटही बंद.

म्हणून पायथन या भाषेत शंभरेक ओळींचा छोटा प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, लिहिली. बोटाचे एक्स-वाय वाचायचे, पॅडच्या मध्यापासून कोन काढायचा, कोन ठरावीक अंशांनी सरकला की यूइनपुटमधून (प्रोग्रामला खोटा माऊस-कीबोर्ड बनू देणारी लिनक्सची सोय) माऊसच्या चाकाचा एक टप्पा पाठवायचा. पहिल्या दिवशी बोट डाव्या बाजूच्या मध्यावर आलं रे आलं की पान फर्रकन वर पळायचं. तासभर पॅडलाच शिव्या घातल्या. मग लक्षात आलं, तिथे कोन +१८० वरून एकदम −१८० होतो, म्हणजे स्क्रिप्टला वाटतं मी उलटा गरकन फिरलो. फरकात ३६० मिळवले, गप्प झालं. एकूण दोन संध्याकाळी. यात कुणाच्या बापाचं काय गेलं?

खडूफळा:
बाप काढायचं काम नाही. टचपॅड वाचता यावं म्हणून स्वतःला लिनक्सच्या 'इनपुट' गटात, म्हणजे कीबोर्ड-माऊस थेट वाचायची परवानगी असलेल्यांत, घातलंत ना? म्हणजे तुमच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्राम आता कीबोर्डची कळन् कळ वाचू शकतो, पासवर्डसकट. एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या कळा वाचू नयेत म्हणून वेलँडने लावलेली कडी तुम्ही काढलीत, तीही बोट गोल फिरवायला. आणि ड्रायव्हर सांभाळणाऱ्याच्या डोक्याला ताप किती? प्रत्येक जास्तीचा पर्याय शेकडो प्रकारच्या पॅडांवर तपासावा लागतो, तो कोण तपासणार, तुम्ही?

अर्धविराम:
यूडेव्हचा (उपकरणांच्या फाइली कोण उघडू शकेल ते ठरवणारा) नियम करून फक्त टचपॅडचीच फाइल उघडी ठेवता येते.

खडूफळा:
आणि यूइनपुट? त्यातून खोट्या कळाही दाबता येतात.

अर्धविराम:
बरं. स्क्रिप्ट वेगळ्या युजरखाली सर्व्हिस म्हणून टाकतो, म्हणजे परवानगी तिच्यापुरतीच. झालं समाधान?

उंटावरचा:
ते गोल-बिल सोडा हो. खरा अन्याय उलट्या स्क्रोलचा! २०११ मध्ये मॅकच्या लायन आवृत्तीने दिशा फिरवली आणि वर नाव काय, तर 'नॅचरल'. मॅकवर माऊस आणि ट्रॅकपॅडला तो खटका वेगवेगळा दिसतो, पण एक फिरवला की दुसराही फिरतो. आमच्याकडे लॅपटॉप एक आणि खातंही एकच. मी माऊसवाला, बायको ट्रॅकपॅडवाली. रोज सकाळी जो आधी बसेल त्याची दिशा. चौदा वर्षांच्या संसारात एवढं भांडण दुसऱ्या कशावरून झालेलं नाही.

चष्मिष:
वहिनींचं बरोबर आहे. बोट वर, पान वर. फोनवर तुम्ही उलटं करता का?

उंटावरचा:
फोनवर बोट पानावर असतं. पॅडवर पान असतं का? काहीही.

चष्मिष:
जुनी दिशा ही स्क्रोलबारची. पट्टी खाली ओढली की पान वर जायचं. पट्ट्या दिसेनाशा झाल्या, सवय तेवढी उरली. तुम्ही नसलेली पट्टी ओढताय, एवढंच.

उंटावरचा:
सवयीला नावं ठेवणारे सगळे तिशीच्या आतले असतात.

चष्मिष:
बेचाळीस. वय काढू नका.

निवांत:
दिशेवर पाच प्रतिसाद झाले, मूळ विषय काय होता? अर्धविराम, एक बाळबोध शंका. बोट गोल फिरवताना कर्सरपण गरगरत नाही का?

अर्धविराम:
गरगरतो ना. म्हणून स्क्रिप्टने टचपॅड पूर्ण ताब्यात घ्यायचं आणि बाकीच्या हालचाली एका आभासी टचपॅडमधून पुढे पाठवायच्या. दुसरी संध्याकाळ तिथेच गेली. एकदा स्क्रिप्ट अडकली, कर्सर ठार. कीबोर्डवरून चाचपडत ती मारली तेव्हा सुटलो.

खडूफळा:
वा! हीच ती 'दोन संध्याकाळींत' मिळालेली सोय.

सुतळी:
मी सहसा वाचनमात्र असते, पण लिहिते. अपघातानंतर माझं मधलं बोट नीट वाकत नाही. दोन बोटं सोबत ओढली की एक मागे राहतं आणि पॅडला तो क्लिक वाटतो. जुन्या लॅपटॉपवर मी एका बोटाने गोल फिरवून सगळं वाचायचे. नवा घेतला त्या दिवशी रडायचीच बाकी होते.

खडूफळा:
सुतळीताई, काठाचं स्क्रोल एका बोटाने होतं की.

सुतळी:
होतं, तेच वापरते. पण काठ संपला की बोट उचलून पुन्हा नेमकं त्या चिंचोळ्या पट्टीवर टेकवावं लागतं. जरा आत पडलं की कर्सर पळतो.

खडूफळा:
ठीक आहे. तुमच्यापुरतं मान्य. रिकामटेकडे हा शब्द मागे, पण अर्धविराम यांच्यासाठी नाही.

अर्धविराम:
आभारी आहे. सुतळी, स्क्रिप्ट व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. आधी ती अडकली की आपोआप टचपॅड सोडेल असं करतो, तोवर लावू नका.

उंटावरचा:
ते करा, पण एक सांगा. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की पान वर जातं की खाली?

अर्धविराम:
आता तुम्ही सुरू करू नका.