मदत हवी आहे: छायाकल्प चंद्रग्रहणाचे फोटो, नागपुरातून

5 मे 2023 च्या छायाकल्प ग्रहणात (चंद्र पृथ्वीच्या फक्त विरळ सावलीतून जातो, ते) धरमपेठेतल्या गच्चीवरून मोबाइलने फोटो काढले. ग्रहणमध्य रात्री 10:52 च्या सुमारास. डोळ्यांना चंद्राची उत्तरेकडची कड किंचित मळकट वाटली, काचेवर बोट फिरवल्यासारखी. फोटोत मात्र सगळे चंद्र सारखेच पांढरे! ऑटो एक्स्पोजरने (कॅमेरा उजेड आपोआप ठरवतो, त्याने) घात केला, हे नंतर कळलं.

आता 21 फेब्रुवारी 2027 च्या पहाटेच्या छायाकल्प ग्रहणाची तयारी आहे. 9 फेब्रुवारी 2009 च्या ग्रहणाचंच हे सॅरोस (ग्रहणांच्या पुनरावृत्तीचं चक्र) भावंड, 18 वर्षं 11 दिवस 8 तासांनी परतणारं. ते संध्याकाळी होतं. 8 तासांच्या फरकामुळे याचा मध्य पहाटे 4:43 ला येतो. तेव्हा चंद्र पश्चिमेला उतरत असेल, म्हणजे हवेच्या जाड थरानेही तो मंद होणार.

आता डीएसएलआर, 300 एमएम लेन्स आणि ट्रायपॉड आहे. दुर्बीण नाही, आणि शहराबाहेर जाणं जमणार नाही. आयएसओ, शटर, व्हाइट बॅलन्स लॉक करणार आहे, तेवढं कळतं.

अडलंय ते इथे: सावलीचा मंदपणा आणि क्षितिजाजवळचा मंदपणा वेगळे कसे काढायचे? एकाच फोटोतल्या उत्तर-दक्षिण कडांची तुलना पुरेल, की आदल्या रात्री त्याच उंचीवरच्या चंद्राचे फोटोही लागतील?