मदत हवी आहे: सी कयाकिंगसाठी लाइफजॅकेट कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

पावसाळा सरला की मी आणि माझी धाकटी बहीण मुंबईतल्या मार्वे किनाऱ्यावर कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद होडी) चालवायला जातो. यंदा स्वतःची लाइफजॅकेटं घ्यायची आहेत. भाड्याची बहुतेक सैल असतात. पट्टे आवळूनही खांद्यापाशी धरून उचललं की थेट कानापर्यंत येतात. पाण्यात पडल्यावर जॅकेट वर आणि माणूस खाली, हे मला अजिबात नको.

माझ्यापुरतं ५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे जॅकेट पाण्यात किती जोराने तरंगवून धरतं त्याचं माप) फोमचं ठरलंय. हात मोकळे राहतात, उलटलेल्या कयाकवर पोटावर झोपून परत चढता येतं. पण ते पोहणाऱ्यांसाठी, मदत जवळ असताना वापरायचं. शुद्ध हरपली तर तोंड पाण्याबाहेर ठेवेल याची खात्री नाही. बहिणीला जेमतेम पोहता येतं, त्यामुळे तिची खरी काळजी आहे. तिच्यासाठी कॉलर असलेलं १०० न्यूटनचं घ्यावं का? ते घालून कुणी वल्हवलंय का? मान आणि काखेत किती घासतं?

दुसरं म्हणजे, आमच्या कयाकच्या सीटची पाठ उंच आहे. बसलं की ती जॅकेटला खालून वर ढकलते. पाठीचा फोम फक्त वरच्या भागात असलेली जॅकेटं मुंबईत कुठे मिळतील? दुकानात घालून, खाली बसून बघता यायला हवं. ऑनलाइन मागवायला मन धजत नाही.

आणि खाऱ्या पाण्याने चेन अडकते, त्यापेक्षा बकलवाली बरी का? गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायची तयारी आहे.