जार, नळ आणि आपली टाकी (सोसायटी ग्रुप, पाथर्डी फाटा, नाशिक)

ए-१०२ काकू: मेंटेनन्स शंभर रुपये वाढवतो म्हटलं की सगळे बोंब मारता आणि लिफ्टमधून रोज पाण्याचे जार वर चाललेत ते कोणाला दिसत नाही का? नळाला काय धाड भरलीये

बी-४०४: काकू पावसाळ्यात बघितलं ना कसं गढूळ येतं ते, घरात बाळ आहे, रिस्क कोण घेणार. आणि क्लोरीनचा तो वास, पोरं तोंडच लावत नाहीत

ए-१०२ काकू: पातेल्यात काढून ठेव ना रात्रभर, वास उडून जातो. आम्ही काय विहिरीवर वाढलो नाही का

बी-१०३: खरं सांगू का, आमच्याकडे जार फक्त थंड पाण्यासाठी येतो 😄 एप्रिल-मेमध्ये फ्रिजच्या बाटल्या भरणार कोण. आणि पाहुण्यांना नळाचं दिलं तर ग्लास तसाच टीपॉयवर राहतो, सासरकडचे तर सरळ विचारतात, बाटली नाहीये का

ए-३०१: लग्नात बघा, प्रत्येक खुर्चीखाली अर्धी प्यायलेली बाटली

बी-४०४: ते जाऊ द्या. जारवाल्याने मीटर लावून दाखवलं, त्याचं टीडीएस ४० आणि आपल्या नळाचं १२०. आता बोला

सी-२०१ काका: बोलतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, जंतू त्या मीटरला कळतच नाहीत. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चालतं, १२० म्हणजे उत्तम पाणी आहे. आपल्याकडे मुकणे धरणाचं येतं, विल्होळीला फिल्टर होऊन. पावसाळ्यात धरणातच गाळ येतो म्हणून तिकडे तुरटीचा डोस वाढवावा लागतो. आता खरी गंमत ऐका. आज सकाळी मनपाच्या पाण्याच्या मीटरपाशी नळीत पाणी घेऊन क्लोरीन टेस्टचे थेंब टाकले, मस्त पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन आहे. तेच चौथ्या मजल्यावरच्या नळाचं घेतलं तर जेमतेम रंग आला. मधे काय आहे? आपली अंडरग्राउंड टाकी आणि गच्चीवरची टाकी. तळाच्या गाळाने क्लोरीन खाल्लं. मनपाला शिव्या देऊन उपयोग नाही, मीटरच्या पुढचं सगळं आपलं

बी-४०४: म्हणजे जार बरोबरच की काका 🙏

सी-२०१ काका: जारवर काय लिहिलंय ते वाच आधी. सीलबंद पाण्यावर बॅच नंबर असतो, तारीख असते. आपल्याकडे येतो त्या थंड जारला नुसतं दाबलेलं झाकण. बहुतेक बोअरचं पाणी, आरओ करून चिलरला गार केलेलं. आरओच्या प्लांटमध्ये क्लोरीन काढूनच टाकतात, मग जार नीट धुतला नसेल तर आतल्या जंतूंना अडवणारं काही उरत नाही. जारच्या तळाला बोट फिरवून बघ, बुळबुळीत लागतं का

बी-१०३: ईईई बघितलं. लागतंय 😖

ए-३०१: आणि सीलबंद बाटलीचं पण ऐका, २०२४ ला कोलंबिया युनिव्हर्सिटीवाल्यांनी अमेरिकेतल्या बाटल्या तपासल्या, लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार प्लास्टिकचे कण, बहुतेक डोळ्यांना काय साध्या मायक्रोस्कोपला पण न दिसणारे

बी-४०४: आपली गच्चीवरची टाकी काय तांब्याची आहे का भाऊ, पाइप पण प्लास्टिकचेच. त्याने शरीराला नक्की काय होतं ते सांग

ए-३०१: ते अजून कोणालाच पक्कं माहीत नाही 🤷

सेक्रेटरी: मंडळी, गच्चीवर जाऊन आलो. टाकीचं झाकण सरकलेलं आणि आत कबुतराचं पीस तरंगतंय. ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी पण नाहीये. रविवारी दोन्ही टाक्या धुणार, साबण लावून नाही, ब्लीचिंग पावडरने. सकाळी पाणी बंद राहील, बादल्या शनिवारीच भरून ठेवा

ए-१०२ काकू: आणि धुतल्यावर सॅम्पल लॅबला द्या. जंतूंची टेस्ट सांगा, टीडीएसची नको

बी-४०४: रिपोर्ट ग्रुपवर टाका मग बघू. तोपर्यंत जार येणारच, पण उकळून पिऊ

बी-१०३: थंड जार उकळणार?? 😂😂

सेक्रेटरी: रविवारी ज्यांच्या गाड्या अंडरग्राउंड टाकीच्या झाकणावर लागतात त्यांनी कृपया रात्रीच काढाव्यात. बी-४०४ तुमचीच आहे