भगूरजवळ बांधात सापडलेल्या पितळी पुंगळ्या कसल्या?

बांधावरची: आमचं वावर भगूरजवळ, ओहोळाला लागून. परवाच्या पावसानं बांध ढासळला, तो सारखा करताना मातीतून पाच पितळी नग निघाले, हिरवट-काळे. त्यातली एक पुंगळी फडक्यानं पुसली. पट्टीवर ५६ मिलिमीटर भरली. बुडाची कड अंगापेक्षा बाहेर आलेली, नख अडतं. बुडावर के आणि एफ ही इंग्रजी अक्षरं, मधे बाणासारखी खूण, शिवाय ४२ आणि रोमन सात. थोरले चुलते म्हणतात हल्लीच्याच आहेत, देवळालीच्या लष्करी सरावातल्या. आजी मात्र सांगायची, तिच्या लहानपणी गोरे सोल्जर ओहोळापलीकडं चांदमारीला यायचे. कुणाचं खरं?

माजी सैनिक: ताई, ही थ्री-नॉट-थ्रीची, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या .303 रायफलीच्या काडतुसाची पुंगळी. के एफ म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना, बाण ही सरकारी मालाची खूण, ४२ म्हणजे १९४२. सात हा काडतुसाचा मार्क, म्हणजे नमुन्याचा क्रमांक, १९१० पासूनचा. चुलत्यांना ती कड दाखवा. मी एसएलआर, म्हणजे फौजेतली नंतरची रायफल, चालवलीय. तिची ७.६२ ची पुंगळी ५१ मिलिमीटर, आणि कड अंगाबाहेर येतच नाही, वर खाच असते. तिच्याही नंतरच्या इन्सास रायफलीची तर ४५ च. फक्त साल बनवल्याचं असतं, उडवल्याचं नव्हे. थ्री-नॉट-थ्री स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं वापरात होती.

बांधावरची: आभारी आहे दादा. चार पुंगळ्यांच्या बुडाशी जी छोटी गोल टोपी असते, तिला मधोमध खड्डा आहे. पाचवीला नाही, तिच्या तोंडात टोकदार गोळी तशीच आहे. चिंचेनं घासली तर अक्षरं उठतील का?

माजी सैनिक: अजिबात नको! ते जिवंत काडतूस आहे. खड्डा नाही म्हणजे टोपी फुटलेली नाही, आत कॉर्डाइट, म्हणजे बंदुकीची दारू, भरलेलं. घासू नका, ठोकू नका, चुलीजवळ तर नकोच. आहे तिथंच राहू द्या, पोरांना लांब ठेवा, ११२ ला फोन करा. रिकाम्याही देऊन टाका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भागही येतात.

बांधावरची: पोलीस आले, पंचनामा करून पाचही घेऊन गेले. त्याआधी त्या पुसलेल्या पुंगळीच्या बुडावर कागद धरून शिसपेन्सिलीनं ठसा घेतला होता. बाण नीट उठलाय. चुलते त्यावरून बराच वेळ बोट फिरवत होते. मग म्हणाले, उरलेला बांध पोलिसांनी तपासल्याशिवाय कुदळ लावायची नाही.